कोंबडीच्या पिलांचें खात्रीचें उबवणी केंद्र कसें ओळखावें?

गव्हाचें बियाणें पाहिजे असतां निफाड तालुक्यांतील शेतकरी कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राची वाट धरतो. द्राक्षाचें कलम करतांना काडी कोणाच्या बागेंतील, हें विचारतो. तोच शेतकरी कोंबडीचीं पिलें मात्र बाजारांत पाटी मांडून बसलेल्या इसमाकडून रंग पाहून घेतो. ही विसंगति दूर व्हावी, एवढ्यासाठींच आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

अंडीं व मांस या दोहोंसाठीं उपयोगी पडणाऱ्या कोंबड्यांत पूर्वीं ऱ्होड आयलंड रेड व ऑस्ट्रॉलॉर्प यांचें नांव घेत. हल्लीं हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा व ग्रामप्रिया आणि बंगळूरच्या कृषि विद्यापीठांत निपजविलेली गिरिराज यांचा प्रसार अधिक आहे. परसांत फिरणारी वनराजा वर्षास सुमारें १०० ते ११० अंडीं देते, व तिच्या नरांचें वजन चांगलें भरतें. ग्रामप्रियेचीं अंडीं १६० ते १८० पर्यंत जातात. पण ती अंगानें हलकी असते.

या कोंबड्या ठराविक नर व ठराविक माद्या यांच्या संकरापासून होतात. त्यांचींच अंडीं पुन्हा उबविलीं, तर पुढील पिढींत ते गुण टिकत नाहींत. म्हणून उबवणी केंद्राची पारख यंत्रावरून करूं नये, मूळ कळपावरून करावी. यंत्र कोणासहि विकत मिळतें, व २१ दिवसांनीं त्यांतून पिलूंहि निघतें. तें कोणाचें, हाच खरा प्रश्न आहे.

यास्तव केंद्रचालकास तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, मूळ कळप कोठून व केव्हां आणला? दुसरी, पुलोरम नांवाच्या पांढऱ्या हगवणीसाठीं त्या कळपाची रक्ततपासणी झाली आहे काय? हा रोग आईकडून अंड्यांतून पिलांत उतरतो. तिसरी, मरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशीं केंद्रांत टोचतात काय, व तशी नोंद पावतीवर देतात काय? चालकानें कळपाच्या घरांत शिरूं दिलें नाहीं, तर राग मानूं नये. जो परक्या माणसास सरळ आंत नेतो, तोच रोगाविषयीं बेफिकीर समजावा. कागद मात्र अवश्य पाहावे.

केवळ अंड्यांसाठीं पाळावयाच्या जातींचे नर निरुपयोगी म्हणून स्वस्तांत विकले जातात, व तेच बाजारांत रंगवून येतात. ते अंडीं देत नाहींत व लवकर वजनहि धरीत नाहींत. याहून मोठा धोका माल परत घेण्याच्या वचनाचा आहे. सांगली जिल्ह्यांतील इस्लामपुराहून चाललेल्या कडकनाथ योजनेंत असें वचन मिळालें होतें. २०१९ सालीं तें मोडलें, अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले व प्रकरण पोलिसांकडे गेलें. पिलांपेक्षां नफ्याचेंच वर्णन अधिक ऐकूं आलें, तर तेथून उठावें.

पशुसंवर्धन खात्याचीं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रें पुणें, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर व नागपूर येथें आहेत. चौकशीचा आरंभ तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापासून करावा. अंतराची भीति बाळगूं नये. नुकतें निघालेलें पिलूं पोटांतील बलकावर सुमारें दोन दिवस तग धरतें. मात्र निफाडची पौषांतील थंडी ध्यानांत ठेवून ऊबदार जागा आधींच सिद्ध ठेवावी. पहिल्या आठवड्यांत तेथें सुमारें ९५ अंश फॅरनहाइट उष्णता असावी.

पिलें घेतांना बेंबी सुकलेली, डोळे तेजस्वी, पाय चकचकीत व गुदद्वार स्वच्छ आहे, हें पाहावें. प्रथम पन्नासच घ्यावीं व आठवडाभर मेलेल्यांची नोंद ठेवावी. ऊब व पाणी यांत कसूर नसतां मर अधिक झाली, तर केंद्र बदलावें.

चार शेतकऱ्यांनीं मिळून मागणी केली, तर एकानें जाऊन चौकशी करणें सर्वांस परवडतें. अशा संघटित मागणीनेंच प्रामाणिक केंद्रें टिकतील व पाटीवाल्यांचा धंदा आपोआप आटेल, असें आम्हांस वाटतें.