खाडीच्या चिखलात अडकलेले धातू

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळून जाणारी उल्हास नदी पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या पाण्यात तांबे, जस्त, शिसे, पारा असतो. यातले काही धातू सह्याद्रीच्या कातळातून झिजून आलेले, काही कारखान्यांच्या सांडपाण्यातले. हे सगळे समुद्रात वाहून जाते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग खाडीतच अडकतो.

गोड्या पाण्यात बरेचसे धातू मातीच्या बारीक कणांना चिकटून येतात. या कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना लोटत तरंगत राहतात. भरतीचे खारे पाणी मिसळले की क्षारांमुळे तो भार झाकला जातो आणि लिंबू पिळल्यावर दूध फाटावे तसा गाळ गोळा होऊन तळाशी बसतो.

ओहोटीला तिवरांच्या कडेला काठी खुपसून पाहा. वरचा थर तपकिरी, खालचा काळाकुट्ट, कुजक्या अंड्याच्या वासाचा. खाली प्राणवायू संपलेला असतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून सल्फाइड तयार करतात आणि ते या धातूंना जखडून ठेवते.

असा चिखल म्हणजे तारीखवार दप्तरच. शास्त्रज्ञ त्यात उभी नळी घालून गाळाचा स्तंभ काढतात, त्याच्या चकत्या करतात. सुमारे 22 वर्षांनी निम्मे उरणाऱ्या शिसे-210 वरून प्रत्येक चकतीचे वय कळते. मात्र आपल्या काळ्या कातळातच तांबे मुळात जास्त असते. जगाच्या सरासरीशी तुलना केली, तर निसर्गातले तांबेही कारखान्यांच्या माथी मारले जाईल. म्हणून तुलना इथल्याच कातळाशी करावी लागते. पाऱ्याला ही सबब नाही, कारण कातळात तो अत्यल्प असतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या गाळात साठलेल्या पाऱ्याची नोंद अशीच थराथराने वाचली आहे.

याच संस्थेने 1981 मध्ये ‘गवेषणी’ जहाजातून हिंदी महासागराच्या तळावरचे मँगनीजचे गोटे वर काढले. खोल समुद्रात असा गोटा दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. खाडीत मात्र एका पावसाळ्यात नवा थर चढू शकतो.

रेतीसाठी सक्शन पंप लावला की तो काळा थर ढवळला जातो, त्याला प्राणवायू मिळतो, सल्फाइड विरघळू लागते आणि जखडलेले धातू पुन्हा पाण्यात येतात. तेव्हा खाडी उपसण्याआधी त्या थरातल्या धातूंची तपासणी सक्तीची करावी आणि तिचा अहवाल काठावरच्या कोळीवाड्यांच्या हाती मराठीत द्यावा.