सोळा आण्यांचे गणित

यंदा पीक कसे आले, असे आमच्या जेऊरच्या बाजारात एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास विचारले, तर 'चांगले' किंवा 'वाईट' एवढ्या एका शब्दावर तो सहसा थांबत नाही. 'बारा आणे आले', 'सहा आणेच हाती लागले', असे तो सांगतो. १९५७ साली दशमान नाणी सुरू झाली व आणा हळूहळू व्यवहारातून गेला. परंतु आपल्या बोलीतून तो अद्यापि गेलेला नाही, आणि तो गेला नाही हे बरेच झाले. कारण या साध्या उत्तरात गणिताच्या एका अर्वाचीन शाखेचे बीज आहे. त्या शाखेचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नववीच्या बीजगणितात विद्यार्थी संच शिकतात. तेथे नियम असा की, कोणतीही वस्तू एखाद्या संचात असते किंवा नसते. तिसरी गोष्ट संभवत नाही. सम संख्यांच्या संचात ८ आहे, ९ नाही. संख्यांपुरता हा नियम निर्दोष होय. परंतु 'भरपूर पाण्याच्या विहिरी', 'उंच मुले', 'दुष्काळी गावे' असे संच करू लागलो, की लगेच अडचण उभी राहते. वर्गातील किती उंचीचा मुलगा उंच म्हणावा? पाच फूट सहा इंचांचा उंच ठरवला, तर त्याहून एका सुताने कमी भरणारा ठेंगू ठरतो काय? व्यवहारात असे कोणी म्हणत नाही. एका स्थितीतून दुसरीत आपण पायरी पायरीने उतरतो. मध्ये कोठे कडा नसतो.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे असे कोणी समजू नये. आपल्या राज्यात पिकाचा अंदाज पैसेवारीने ठरवण्याची पद्धत आहे. पूर्वी तीसच आणेवारी म्हणत. ५० पैशांहून कमी पैसेवारीचे गाव ते टंचाईचे गाव, असा दंडक दीर्घकाळ चालत आला. आता समजा, एकाच बांधाच्या दोन अंगांस दोन गावे आहेत. एकाची पैसेवारी ४९ पैसे ठरली, दुसऱ्याची ५१. दोन्ही शिवारांवर तोच पाऊस पडला, दोन्हीकडे ज्वारी तशीच करपली. तथापि पहिल्या गावास शेतसाऱ्यात सूट, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत व मुलांस परीक्षा-शुल्काची माफी. दुसऱ्या गावास यांपैकी काहीच नाही. दोन पैशांच्या अंतरासाठी एका मुलाचे शुल्क माफ व्हावे आणि त्याच्याच बाकावरील दुसऱ्याच्या बापाने ते उसने काढून भरावे, यात अधिकाऱ्याचा दोष असतोच असे नाही. दोष त्या धारदार रेषेचा आहे. केंद्र सरकारने २०१६ साली दुष्काळ व्यवस्थापनाची जी नवी संहिता केली, तीत पाऊस, जमिनीतील ओल, पिकांची स्थिती, जलसाठे अशी अनेक लक्षणे एकत्र पाहून दुष्काळाच्या पायऱ्या ठरवण्याची योजना आहे. एका रेषेच्या जागी पायऱ्या आल्या, ही सुधारणाच म्हटली पाहिजे.

दुसरे उदाहरण तर आपल्या दारचेच आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले व त्याचा फुगवटा करमाळा तालुक्याच्या कडेने पसरला. उन्हाळ्यात 'उजनी शून्यावर आली', पुढे 'उजनी उणे झाली', असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. २०२४ सालच्या उन्हाळ्यात तर ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. परके लोक हे वाचून चकित होतात. पाणी उणे कसे असेल, असे ते विचारतात. खुलासा असा की, या धरणात मूळ हिशेबाप्रमाणे सुमारे ६३ अब्ज घनफूट साठा मृत समजला जातो व त्यावरील सुमारे ५३ अब्ज घनफूट साठा उपयुक्त गणला जातो. शून्य म्हणजे पाणी संपले असे नव्हे, तर उपयुक्त साठ्याची रेषा आली. रेषेच्या अलीकडे एक टक्का असता 'पाणी आहे', पलीकडे एक टक्का जाता 'पाणी नाही', असे कागद म्हणतो. काठावरील शेतकरी मात्र आपला पंप थोडा पुढे सरकवतो व नळ वाढवतो. त्याच्या दृष्टीने पाणी चौदा आण्यांवरून तेरा आण्यांवर आलेले असते, इतकेच.

ही आण्यांची भाषा गणितात आणण्याचे श्रेय लोत्फी झादे या विद्वानास आहे. त्यांचा जन्म १९२१ साली बाकू शहरी झाला. पुढे त्यांचे कुटुंब इराणात गेले व तेहरान येथील मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. नंतर ते अमेरिकेस गेले व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. १९६५ साली त्यांनी 'फझी सेट्स' या नावाचा निबंध प्रसिद्ध केला. आपण त्यांस धूसर संच म्हणू. झादे यांचे म्हणणे असे की, वस्तू संचात आहे की नाही हे विचारण्याऐवजी ती कितपत आहे हे विचारावे, व त्याचे उत्तर ० ते १ यांमधील संख्येने द्यावे. या संख्येस सदस्यत्वाची मात्रा म्हणतात. मात्रा ० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे पूर्णपणे आहे, व ०.७५ म्हणजे आपले बारा आणे. झादे २०१७ साली निवर्तले. त्यापूर्वी आपली कल्पना जगभर कामास लागलेली त्यांनी पाहिली. जपानातील सेंदाई शहराची भुयारी रेल्वे १९८७ साली सुरू झाली, ती गाडी चालवण्याच्या व स्थानकात हलकेच थांबवण्याच्या कामी हेच शास्त्र योजण्यात आले होते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मात्रा म्हणजे संभाव्यता नव्हे. 'उद्या पाऊस येण्याचा संभव आठ आणे' या वाक्यात पाऊस येईल किंवा येणार नाही. आपणांस ते आज ठाऊक नाही, एवढेच. उद्या सायंकाळी हा संशय फिटेल. परंतु 'हौद आठ आणे भरला आहे' या वाक्यात संशय कसलाच नाही. हौद आपल्या डोळ्यांसमोर आहे, व उद्यापर्यंत थांबूनही 'भरलेला की रिकामा' या प्रश्नाचे याहून चोख उत्तर मिळणार नाही. पहिल्या वाक्यात आपले अज्ञान मोजले आहे. दुसऱ्यात वस्तूची स्थिती.

आता निर्णयाकडे वळू. मर्यादित साधनांतून अधिकात अधिक लाभ कसा साधावा, याचे गणित झादे यांच्याही आधीचे आहे. रशियात कँटोरोविच यांनी १९३९ साली व अमेरिकेत डँटझिग यांनी १९४७ साली त्याच्या रीती बसवल्या. त्यास रेषीय नियोजन म्हणतात. त्यात जमीन इतकी, पाणी इतके, अशा मर्यादा घालून एक हेतू शिखरास न्यावयाचा असतो. परंतु माणसाचे हेतू एकाहून अधिक असतात, ते परस्परांशी भांडतात, व मर्यादाही भिंतीसारख्या नसतात. १९७० साली बेलमन व झादे यांनी दाखवले की, हेतू व मर्यादा या दोहोंसही धूसर संच मानता येते. आणि १९७८ साली जर्मनीतील झिमरमन यांनी अनेक हेतूंचा निर्णय रेषीय नियोजनाने कसा सोडवावा, हे सिद्ध केले. रीतीचे सार असे: प्रत्येक हेतूचे समाधान आण्यांत मोजावे, त्यांतील सर्वांत कमी भरेल ते त्या निर्णयाचे मोल समजावे, आणि हे मोल ज्यात अधिकात अधिक असेल तो निर्णय पत्करावा. बैलजोडीची चाल जशी मंद बैलाच्या चालीवरून ठरते, तसेच हे.

एक काल्पनिक हिशेब करून पाहू. एका कुटुंबाची दहा एकर जमीन आहे व ती सर्व ऊस आणि ज्वारी यांखाली आणावयाची आहे. समजा, एकरी उसास पाणी ६ भाग लागते व उत्पन्न ५ भाग येते; ज्वारीस पाणी १ भाग लागते व उत्पन्न २ भाग येते. उत्पन्न २६ भागांवर राहिले तर समाधान शून्य, ३८ भाग झाले तर सोळा आणे. पाणी २५ भागांपर्यंत उपसले तर विहिरीस व शेजाऱ्यास काही उणे पडत नाही, म्हणून समाधान सोळा आणे. ४५ भाग उपसले तर विहीर तळ गाठते, समाधान शून्य. ज्वारीचा एक एकर मोडून ऊस लावला की उत्पन्न ३ भागांनी व पाणी ५ भागांनी वाढते. म्हणजे उत्पन्नाचे समाधान चार आण्यांनी चढते व पाण्याचे चार आण्यांनी उतरते.

तीन एकर ऊस लावल्यास पाण्याचे समाधान सोळा आणे, पण उत्पन्नाचे चारच आणे. सहा एकर लावल्यास उत्पन्नाचे सोळा आणे, पण पाण्याचे चार आणे. चार एकरांस उत्पन्नाचे आठ व पाण्याचे बारा. पाच एकरांस बारा व आठ. साडेचार एकर ऊस व साडेपाच एकर ज्वारी केली, की दोन्ही पारडी दहा आण्यांवर समतोल होतात. याहून अधिक समाधान दोघांस एकाच वेळी देता येत नाही. दहावीच्या विद्यार्थ्याने या दोन रेषा आलेख-कागदावर काढाव्या. त्या नेमक्या या बिंदूत छेदतात असे त्यास दिसेल.

हे केवळ पाटीवरचे गणित नव्हे. पुणे जिल्ह्यातील खडकवासला प्रकल्पाच्या पिकांची आखणी कशी असावी, यावर मोरणकर, श्रीनिवास राजू व नागेश कुमार या तिघा संशोधकांनी याच रीतीने विचार करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. निव्वळ लाभ, पिकांचे उत्पादन व मजुरांस मिळणारे काम असे तीन हेतू त्यांनी घेतले होते. त्या प्रकल्पाच्या मुठा नदीचे पाणी पुढे मुळा-मुठेतून भीमेस येते व आपल्या उजनीत उतरते. तेव्हा तेथील निर्णयाशी आपला संबंध नाही असे म्हणता येत नाही.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. वरील हिशेबात २५ व ४५ हे आकडे गणिताने दिले नाहीत; ते माणसाने ठरवले. शेजाऱ्याच्या विहिरीची पर्वा न करणाराने २५ च्या जागी ४० व ४५ च्या जागी ६० लिहिले, तर तेच गणित तितक्याच इमानाने त्यास अधिक ऊस लावण्यास सांगेल. मजुराच्या कामाचा हेतू यादीत घातलाच नाही, तर तो तराजूत येणारच नाही. कोणाचे समाधान मोजावे व किती आण्यांस पुरेसे म्हणावे, हा प्रश्न विद्वानांच्या टेबलावर नव्हे, तर घराच्या ओसरीवर व ग्रामसभेत सुटावयाचा आहे. गणिताचा उपकार इतकाच की, मनात जे मोघम असते ते त्यामुळे कागदावर येते, व कागदावर आलेले दुसऱ्यास तपासता येते.

तरी पालकांस आमची विनंती आहे की, पुढील हंगामाची पेरणी ठरवताना घरातील शाळकरी मुलास अथवा मुलीस जवळ बसवावे व पाणी, पैसा, चारा, मजुरी यांचे आणे तिच्याकडून मांडून घ्यावे. चुकले तरी नुकसान एका कागदाचे. बरोबर आले तर विहिरीस आणखी एक उन्हाळा निभावता येईल.