गढूळ पाण्यातलं प्रवाळ

प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीप-अंदमानचं निळंशार, तळ दिसणारं पाणी आठवतं. रत्नागिरीचा समुद्र तसा नाही. पावसाळ्यात काजळी नदी भाट्याच्या खाडीतून जांभ्याची माती घेऊन येते आणि किनाऱ्यालगतचं पाणी लालसर होतं. तरीही कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी 1979 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा मालवण आणि रेडीबरोबर रत्नागिरीचंही नाव त्यात होतं. इथे लांबच लांब प्रवाळभित्ती नाही. खडपांच्या कपारीत, उधाणाच्या सुकतीला मागे राहणाऱ्या डबक्यांत कुठे कुठे वसाहती दिसतात, एवढंच.

या गढूळपणात टिकून राहणारी एक जात मालवणच्या उथळ पाण्यात आहे: टर्बिनेरिया मेसेंटेरिना. पानकोबीची पानं उलगडावीत तशी तिचे वळणावळणांचे, पिवळसर तपकिरी पत्रे एकमेकांत गुंतलेले असतात. जवळून पाहिलं तर पत्र्यावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या, किंचित उचललेल्या वाट्या दिसतात. प्रत्येक वाटीत एक जीव असतो आणि त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल. शैवालाने उन्हावर बनवलेल्या अन्नावर प्रवाळाचा बराचसा निर्वाह चालतो, म्हणून त्याला उजेड हवा. उथळ जागी हे पत्रे उभे, पिळवटलेले वाढतात. खोल, अंधाऱ्या पाण्यात तीच जात आडवी पसरून मिळेल तेवढा प्रकाश पकडते. एकाच जातीचे हे दोन आकार म्हणजे उजेडाशी जुळवून घेण्याची तिची तऱ्हा.

तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियाच्या पलीकडपर्यंत आढळणारी ही जात दुर्मीळ म्हणता येत नाही. तरी 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिला 'असुरक्षित' गटात टाकलं. या गटासाठी एक निकष असा: तीन पिढ्यांच्या काळात संख्या 30 टक्के किंवा त्याहून अधिक घटलेली असणं, किंवा घटण्याची शक्यता असणं. प्रवाळांच्या बाबतीत जिवांची मोजणी अशक्यप्राय, म्हणून त्यांचा अधिवास किती नष्ट झाला यावरून घटीचा अंदाज बांधतात. 2024 मध्ये याच संघाने जाहीर केलं की उबदार समुद्रातल्या खडक बांधणाऱ्या प्रवाळांपैकी 44 टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत.

याचं मुख्य कारण उष्णता. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवलं तर प्रवाळ सावरतं, नाहीतर उपासमारीने मरतं. मालवणातही विरंजन नोंदलं गेलं आहे.

उष्णतेवर रत्नागिरीकर किंवा मालवणकर एकटे उपाय करू शकत नाहीत. पण पाय आणि नांगर आपल्या हातात आहेत. मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झालं. त्याच पाण्यात स्कुबा डायव्हिंगला येणाऱ्या पर्यटकांमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेवर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा निबंध 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. मला हे सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. मातीच्या लोंढ्यात तगलेला जीव फोटोसाठी त्याच्यावर उभं राहिल्याने मोडावा, याला काहीच कारण नाही.

खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. तेव्हा सुकतीला खडपावर फिरताना डबक्यातल्या रंगीत पापुद्र्यावर पाय देऊ नका, तुकडा घरी आणू नका. डायव्हिंगला गेलात तर तळाला स्पर्श करू नका आणि होडीवाल्याला नांगर वाळूतच टाकायला सांगा.