जुन्या एएम४ बोर्डावर कमी खर्चात गेमिंग अपग्रेड

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ चा पहिला रायझन बसतो, तसाच २०२२ मध्ये आलेला सहा कोअरचा रायझन ५ ५६०० सुद्धा. म्हणून बी४५० बोर्ड असेल तर बोर्ड आणि रॅम सहसा बदलावी लागत नाही. मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करून घ्यावे. नाहीतर नवा बसवल्यावर स्क्रीन काळीच राहू शकते.

बजेटचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा. १०८०पी मॉनिटरसाठी ८ जीबीचे आरएक्स ६६०० पुरेसे आहे. ते १३२ वॉटचे असल्याने चांगला ४५० वॉटचा पॉवर सप्लाय चालतो. बेनामी पॉवर सप्लाय मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो जळताना बाकीचे पार्टही घेऊन जातो.

नवी रॅम घ्यायचीच असेल, तर १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८ जीबीच्या दोन बऱ्या, कारण ड्युअल चॅनलमध्ये बँडविड्थ दुप्पट होते. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. बोर्डाचे मॅन्युअल एकदा बघावेच. शेवटी बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावे, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानेच चालत राहते.