गुडघेदुखीच्या रुग्णासाठी जुना सोफा घेताना

गुडघेदुखी असलेल्या किंवा सांधा बदललेल्या व्यक्तीसाठी जुना सोफा किंवा खुर्ची घेताय? किमतीआधी पुढील गोष्टी पाहा.

उंची: रुग्णाला सोबत नेऊन बसवून पाहा. पाय जमिनीवर सपाट टेकावेत आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाऊ नयेत. अनेकांना १८ ते २० इंच उंची सोयीची पडते. जुना फोम दबतो, म्हणून बसल्यावरची उंची धरा. खुबा बदलला असेल तर योग्य उंची आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

हात: दोन्ही बाजूंना मजबूत हात हवेत. डुगडुगणारी खुर्ची उठताना तोल घालवते.

ढेकूण: शिवणी, लाकडी सांधे आणि खालचे कापड टॉर्चने तपासा. काळे ठिपके किंवा कात दिसल्यास घेऊ नका. संभाजीनगरच्या मे महिन्यातले ऊनही पुरेसे नाही. ढेकूण आत लपतात आणि न खाता अनेक महिने जगू शकतात.

वास: कुबट वास म्हणजे बुरशीची शक्यता. घरात दम्याचा रुग्ण असल्यास असा सोफा टाळा.

उठताना पडल्यास आणि पायावर भार देता येत नसल्यास चालवून पाहू नका. घाटी किंवा जवळच्या रुग्णालयात लगेच न्या.