टेकडीची उंची आणि पाषाणाची ओढ

मुंबईत अंधेरीच्या पश्चिम भागात, भोवती इमारतींचा वेढा पडला असतानाही, ज्याचे उभे बहुकोनी स्तंभ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेल्या लाव्हारसाची साक्ष देतात असा गिल्बर्ट हिल हा काळ्या बेसॉल्टचा सुमारे ६१ मीटरांचा सुळका अद्याप ताठ उभा आहे. दोर वा दुर्बीण न लावता, केवळ पृथ्वीच्या ओढीवरून त्याची उंची सांगता येईल काय? तत्त्वतः येईल. पृथ्वीच्या मध्यापासून दूर जावे तसतसे गुरुत्वत्वरण घटते, आणि ही घट मीटरमागे ०.३०८६ मिलीगॅल (मिलीगॅल हे गुरुत्वत्वरणाचे सूक्ष्म एकक), म्हणजे मूळ त्वरणाच्या सुमारे बत्तीस लाखाव्या भागाइतकी असते. पायथ्याशी बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ माथ्यावरील देवळात नेऊन टांगले, तर या हिशेबाने ते दिवसाकाठी सुमारे पाऊण सेकंदाहून किंचित अधिक मागे पडेल. आणि आजचे गुरुत्वमापक यंत्र तर मिलीगॅलचा शंभरावा अंश, म्हणजे तीन-चार सेंटिमीटरांची चढउतारही ओळखते.

तथापि चढणारा पोकळीतून चढत नाही. त्याच्या पायाखाली जो खडक येतो तो स्वतःही ओढ लावतो, आणि ही ओढ हिशेबातून वजा केल्यावाचून उंची खरी निघत नाही. अठराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतील मोहिमेत क्वितोच्या उंच पठारावर लंबक हलवून पाहणाऱ्या पिएर बुगेरने ही वजावट प्रथम मांडली. माझ्या मते त्याचे हे मर्मग्रहण त्या साऱ्या कष्टप्रद मोहिमेचे सर्वांत मोलाचे फलित होय. गिल्बर्ट हिलवर मात्र त्याचे सूत्र जसेच्या तसे चालणार नाही. विस्तीर्ण पठार धरले, तर ६१ मीटरांचा बेसॉल्ट सुमारे सात मिलीगॅल परत देतो. अरुंद सुळका त्याहून पुष्कळच कमी देतो, म्हणून त्याचा आकार निराळा मोजावा लागतो. चंद्रसूर्यांच्या ओढीने एकाच जागी दिवसभरात होणारा दोन-तीन दशांश मिलीगॅलांचा फेरफारही वजा करणे प्राप्तच.

खरी अडचण त्याहून खोल आहे. मुंबईच्या परिसरात गुरुत्व अपेक्षेपेक्षा लक्षणीय अधिक भरते. १९६६ साली टाकिन या भूभौतिकज्ञाने भूगर्भात दडलेल्या जड अग्निजन्य खडकाच्या राशीने याचा उलगडा केला. समजा, अंधेरी व मुलुंड येथील मापनांत अशा खडकामुळे दहा मिलीगॅलांचा फरक पडला, आणि कोणी तो उंचीच्या खाती जमा केला, तर सुमारे ३२ मीटरांची तफावत पडेल. म्हणूनच मोजणीदार येथे क्रम उलटा ठेवतात: उंची समतलनाने आधी पक्की करतात, तिचा परिणाम गुरुत्वातून काढून टाकतात, आणि उरलेल्या मिलीगॅलांवरून खालच्या खडकाची कैफियत वाचतात.