व्यायाम नाही करत? मग धार कोण काढतं?

करवीर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत सकाळी एखाद्या बाईला विचारा, "व्यायाम करता का?" उत्तर ठरलेलं: "न्हाई ओ ताई, येळ कुठाय?" आणि हे सांगताना तिच्या हातात शेणाची पाटी असते. धारा काढून, दूध डेअरीला घालून झालेलं असतं, वैरणीचा भारा अजून आणायचा असतो. विचारणारी मात्र 'नाही'वर खूण करून पुढच्या दाराशी जाते. प्रौढ माणसं किती हालतात याची पाहणी फसते ती नेमकी इथं.

१६ प्रश्नांची युक्ती

जागतिक आरोग्य संघटनेनं यावर एक प्रश्नावली केली. तिला 'जीपॅक' म्हणतात. त्यात १६ प्रश्न: आधी कामाचे, मग जाण्या-येण्याचे, मग खेळ-व्यायामाचे आणि शेवटी बसून किती वेळ जातो याचा. कामाच्या व्याख्येत पगारी नोकरीबरोबर बिनपगारी घरकाम आहे, पिकाची कापणी आहे, अगदी मासेमारीसुद्धा आहे! सोबत चित्रांची कार्डं दाखवायची, आणि त्यावरची उदाहरणं त्या त्या मुलखातली हवीत. कोल्हापुरात कार्डावर टेनिस दाखवून काय उपयोग? तिथं मोळी हवी, तालमीतला जोर हवा.

रंकाळ्याचा हिशोब

हालचालीचं माप 'मेट'. शांत बसलेला माणूस म्हणजे १ मेट. जीपॅकमध्ये मध्यम श्रमाला ४ आणि जोरकस श्रमाला ८ धरतात, आणि त्याला मिनिटांनी गुणतात. आठवड्याला किमान ६०० हवेत. रंकाळा तलावाकाठी रोज अर्धा तास झपाझप चालणं, आठवड्यातून ५ दिवस: ३० × ५ × ४ = ६००. बरोब्बर काठावर पास!

आता तालमीतला पैलवान घ्या. रोज २ तास जोर-बैठका आणि लढती, ६ दिवस: ५,७६०. आणि ऊसतोड मजूर? रोज ६ तास कोयता आणि डोक्यावर मोळी, ६ दिवस: १७,२८०. रंकाळ्यावर चालणाऱ्याच्या जवळजवळ २९ पट. टाळ्या मात्र खासबागेच्या कुस्ती मैदानातच वाजतात. फडातल्या घामालाही त्या मिळायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

लंडनची बस

श्रमाचा आणि हृदयाचा संबंध ठळकपणे दिसला तो बसमध्ये. संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिलं, की लंडनच्या दुमजली बसमध्ये जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो.

आपला निकाल

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. सोबत तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड. १४,२२७ जणांच्या नोंदींतून ५४.४ टक्के निष्क्रिय निघाले. शहरात ६५ टक्के, गावात ५०. मोकळ्या वेळात खेळ-व्यायाम करणारे १० टक्केही नव्हते. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातल्या ५७ टक्के बायकांची हालचाल अपुरी आहे, पुरुषांत ४२ टक्के.

बायका राबतात तरी आकडा असा का? एक कारण साधं आहे: उभ्यानं पोळ्या लाटणं, निवडणं-टिपणं हे हलकं काम, ते मोजणीत बसत नाही. कष्ट होतात, पण दम लागत नाही. दुसरं कारण विचारण्यात आहे. 'व्यायाम' हा शब्द आला की बाई आपली कामं मनातल्या मनात बाजूला ठेवते.

उलट चूकही होते. आठवून सांगताना माणसं बऱ्याचदा जास्तच सांगतात. कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं की मिनिटं घटतात.

पहाटे ४ पासून

'व्यायाम' हा शब्द न काढता अख्खा दिवस विचारायचीही एक रीत आहे. केंद्र सरकारची वेळवापर पाहणी दिवस मोजते पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून. २०१९ च्या पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७.

सलग १० मिनिटं झाली तरच हालचाल धरायची, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या शिफारशींतून काढून टाकली. तेव्हा उद्या कुणी वही घेऊन दारात आलं, तर 'न्हाई ओ' म्हणू नका. पहाटेच्या धारेपासून सुरुवात करा आणि सगळं सांगा.